धागा: जुन्या तबकड्या वाजवायच्यात. प्लेअर, कार्ट्रिज, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर: कशाला काय जुळतं?

गोलाईकर (लातूर)
नमस्कार मंडळी. वडील जाऊन सहा वर्षं झाली. परवा माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवली. आत साठेक एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या), पंचवीस-तीस जाड ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि त्यांचा प्लेअर. प्लेअरचा पट्टा विरघळून डांबरासारखा चिकटलाय, सुई तुटलेली. सोबतचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र चालू आहे. २५ वॅटचा, मागं दोन जागा: एकीवर 'मॅग' लिहिलंय, दुसरीवर 'सिरॅमिक'. स्पीकरवर ८ ओहम.

आईला मार्गशीर्षात ऐंशी पूर्ण होतात. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी घरात या तबकड्या वाजाव्यात, एवढीच इच्छा आहे. पन्नास हजारांपर्यंत खर्च करू शकतो. दोन-तीन दुकानांत फोन केले, तर प्रत्येक जण आपल्याजवळची सगळ्यात महाग वस्तू सांगायलाय. एक म्हणतो भारी कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) घ्या, दुसरा म्हणतो स्पीकर बदला. कशाला काय जुळतं हे कुणीच सांगेना. पैसे कुठं घालावेत?

हुरडाप्रेमी (जालना)
गोलाईकर दादा, ब्लूटूथचा प्लेअर घ्या, ब्लूटूथचा स्पीकर घ्या. वायरीची कटकटच नको.

काळीचार (छत्रपती संभाजीनगर)
हुरडाप्रेमी, त्यांच्याकडं चालू अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत, ते का टाकायचे? आणि ७८ चं काय? बाजारातले बरेचसे स्वस्त प्लेअर ३३ आणि ४५ वरच फिरतात. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-६०एक्स छान आहे, पण त्यात ७८ नाही आणि कार्ट्रिजही कायमचं बसवलेलं.

दादा, दुकानदाराला विचारायच्या आधी तबकड्यांना विचारा. ७८ वाजवायच्या असतील तर निम्मे प्लेअर तिथंच गळतात.

गोलाईकर
७८ वाजवायच्याच आहेत. त्यात बालगंधर्व आहेत, अब्दुल करीम खाँसाहेब आहेत. आईचा जीव त्यातच.

आंबेजोगाईची बाई (अंबाजोगाई)
मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, आणि घरी तीस वर्षांपासून रेकॉर्ड ऐकते. साखळी एकदा समजून घ्या, मग दुकानदार काही म्हणो.

सुई खाचेत थरथरते, कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करतं. ही वीज किती, यावर पुढचं सगळं ठरतं. जुनं सिरॅमिक कार्ट्रिज शेकडो मिलीव्होल्ट देतं. आजचं मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम, ३ ते ६ मिलीव्होल्ट देतं. मूव्हिंग कॉइल, एमसी, बहुतेक वेळा अर्ध्या मिलीव्होल्टच्याही खाली. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'मॅग' म्हणजे मॅग्नेटिक, एमएमची जागा. वडिलांच्या प्लेअरला सिरॅमिक कार्ट्रिज असणार, म्हणून त्यांची वायर दुसऱ्या जागेत असेल. बघून सांगा.

'मॅग'च्या आत दोन कामं होतात. एक, सिग्नल साधारण १०० पट वाढतो. दोन, आवाजाचा तोल परत बसवला जातो. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, कारण खर्जाला खाच फार रुंद लागते. आणि वरचे सूर उचलतात, म्हणजे खाचेची खरखर वाजवताना त्यांच्याबरोबर खाली जाते. किती दाबायचं, किती उचलायचं, याचं आरआयएए नावाचं प्रमाण १९५४ पासून चालत आलंय. वाजवताना बरोबर त्याच्या उलट करावं लागतं. म्हणून एमएमचा सिग्नल साध्या 'ऑक्स'मध्ये, म्हणजे टेप-रेडिओच्या जागेत दिला की आवाज बारीक, चिरका येतो. आणि आधीच वाढवलेला सिग्नल 'मॅग'मध्ये दिला की फाटतो.

गोलाईकर
बाई, बघितलं. वायर सिरॅमिकमध्येच होती! वडिलांनी जागेवर पेनानं बाण करून ठेवलाय.

गोदातीर (नांदेड)
सगळे जुळवाजुळवीचं बोलायलेत, तर माझा अनुभव ऐका. मेहुण्यानं अमेरिकेहून एक सुंदर जुना प्लेअर आणला. ११० व्होल्टचा. मी लगेच ट्रान्सफॉर्मर आणून २३० चे ११० केले. तबकडी फिरली, आणि गाणारा विहिरीच्या तळातून गायल्यासारखा. आठवडाभर आम्ही पट्टा बदल, तेल घाल, असंच करत बसलो.

शेवटी कारण सापडलं. त्या प्लेअरची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. तिकडं ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. म्हणजे ३३⅓ चे फेरे पाच षष्ठांश होऊन पावणेअठ्ठावीस. हार्मोनियमच्या काळी एकमध्ये गायलेलं गाणं खालच्या काळी पाचवर येऊन पडतं. मोटरीवरची पुली ५० हर्ट्झची, जरा मोठ्या व्यासाची मिळाली तेव्हा गाडी रुळावर आली. डीसी मोटरीच्या किंवा क्वार्ट्झच्या प्लेअरला ही अडचण नसते. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते आधी फोटोत मागवा.

काळीचार
गोदातीर, पैसे देण्याआधी प्रत्येकानं वाचावा असा अनुभव आहे हा.

वेग तपासायला स्ट्रोब तबकडी कागदावर छापून घ्या. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. इंटरनेटवर २१६ रेघांचीही मिळते, ती ६० हर्ट्झवाल्यांची. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. फक्त दिवा जुन्या पद्धतीचा हवा, बऱ्याच एलईडी बल्बांत रेघा दिसतच नाहीत.

सुरेलसायकल (बीड)
माझं मत वेगळं आहे. पन्नास हजारांत एमसी कार्ट्रिज घ्या. डेनॉन डीएल-१०३ घ्या. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके रेडिओबरोबर बनवलेलं, आजही बनतंय. एकदा ऐकलं की एमएम ऐकवत नाही. गायकाचा श्वास ऐकू येतो.

आंबेजोगाईची बाई
सुरेलसायकल, डीएल-१०३ मलाही आवडतं. पण ते ०.३ मिलीव्होल्ट देतं. दादांचा अ‍ॅम्प्लिफायर १०० पट वाढवून ३० मिलीव्होल्ट करणार. आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवावी लागेल, आणि तोवर अ‍ॅम्प्लिफायरची सळसळ गाण्याच्या वर येईल. त्याला अजून दहा पट वाढवणारा वेगळा प्रीअ‍ॅम्प किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. म्हणजे कार्ट्रिजचे पैसे अधिक त्याचे पैसे. सुई झिजली तर एमएमसारखी ओढून नवी खोचता येत नाही, पूर्ण कार्ट्रिजच बदलावं लागतं. आणि त्या सुईवर ७८ वाजवायची नाही.

सुरेलसायकल
बाई, सुईची गोष्ट मान्य. माझ्याकडं वेगळा प्रीअ‍ॅम्प आहे, म्हणून मला ते सहज वाटलं. गोलाईकर, माझा सल्ला तुमच्या घराला लागू नाही.

माठवाला (धाराशिव)
७८ आणि एलपीच्या सुईत एवढा काय फरक? सुई ती सुई.

काळीचार
माठवाला भाऊ, फार मोठा फरक. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ३ मिलची सुई लागते, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. स्टीरिओ एलपीची गोल सुई ०.७ मिलची. बारीक सुई रुंद खाचेत घातली की ती तळाशी जाते, जिथं वर्षानुवर्षांची धूळ आणि जुन्या सुयांचा चुरा बसलेला. वरच्या भिंतींना, जिथं गाणं आहे, ती नीट टेकतच नाही. आणि ३ मिलची सुई एलपीवर ठेवली तर एलपी गेली.

जुन्या ग्रामोफोनवर पोलादी सुईचा भार १०० ग्रॅमच्या वर असायचा, आणि दर बाजूला नवी सुई लावायची. घरात पैसे नसले की लोक एकाच सुईवर दहा बाजू काढायचे. म्हणून कित्येक ७८ मध्ये जोरात गायलेल्या जागा करड्या पडलेल्या दिसतात. उजेडात तिरकी धरून बघा. तशी असली तर खरखर तुमच्या प्लेअरची नाही, तबकडीचीच आहे.

चपडी (हिंगोली)
खरखरीवरून आठवलं. धुताना जपा. माझे आजोबा सुतार. ते पॉलिशला चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायचे. ७८ ची तबकडी त्याच लाखेची असते, दगडाची भुकटी घालून. एकदा मी मोठ्या प्रेमानं एक तबकडी स्पिरिटच्या कापसानं पुसली, आणि कापूस काळा होत गेला. मळ निघतोय असं वाटलं. गाणं निघत होतं. ७८ ला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीच लावू नका. डिस्टिल्ड पाणी, दोन थेंब साधा द्रव साबण, मऊ ब्रश, कागदी लेबल कोरडं, आणि लगेच पुसून वाळवणं.

गोलाईकर
चपडी, बरं झालं सांगितलं. स्पिरिटची बाटली आजच आणून ठेवली होती.

हुरडाप्रेमी
सगळ्यांचं वाचून मी माझा ब्लूटूथचा सल्ला मागं घेतो. एक विचारू का? मोठ्या वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर चांगला ना? २५ वॅट तर फारच कमी वाटायलेत.

लाइनमन (परभणी)
हुरडाप्रेमी भाऊ, वॅट एकटे मोजून चालत नाही. स्पीकरची संवेदनशीलता बघा, डेसिबलमध्ये लिहिलेली असते. ८९ वाला स्पीकर जेवढा आवाज २५ वॅटमध्ये देतो, तेवढाच काढायला ८६ वाल्याला ५० लागतात. तीन डेसिबलला दुप्पट वॅट. घरातल्या खोलीत माणूस बसून ऐकतो तेव्हा बहुतेक वेळ दोन-चार वॅटच वापरले जातात. स्पीकर ८ ओहमचे, अ‍ॅम्प्लिफायर त्याच काळातला, तर जोडी बसलेली आहे. त्याला ४ ओहमचे नवे स्पीकर लावले तर मात्र तापेल. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या, आवाजाच्या कळीतली खरखर साफ करून घ्या. नांदेडकडच्यांना हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत सुटे भाग मिळतात, लातूरहून पुण्यालाही.

आता माझ्या धंद्यातलं. प्लेअरमधून एक बारीक वायर निघते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या 'जीएनडी' स्क्रूला बांधायची. नाही बांधली तर घुंईं असा आवाज येतो, आणि माणूस कार्ट्रिजला दोष देत बसतो. बांधूनही आला तर घराचं अर्थिंग बघा. आपल्या काळ्या मातीचं सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, आणि चैत्र-वैशाखात निम्म्या घरांचं अर्थिंग नावाला उरतं. मीठ-कोळसा भरलेला खड्डा असला तरी त्यात पाणी ओतत राहायला लागतं. माझ्या एका गिऱ्हाइकानं घुंईंपायी दोन केबली बदलल्या. मी खड्ड्यात चार घागरी पाणी ओतलं आणि आवाज बसला.

गोदातीर
लाइनमन दादा, चार घागरी! आज संध्याकाळी खड्डा शोधतो. तो पार पारिजातकाखाली गेलाय.

माठवाला
टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, आणि कार्ट्रिज जुळायला हवं असंही वाचलं. त्याचं काय?

आंबेजोगाईची बाई
हे जरा सावकाश वाचा. आर्म म्हणजे वजन आणि सुईची दांडी म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंगला वजन टांगलं की ते आपल्या लयीत डोलतं. ही लय ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी. कारण तबकडीचा बाक, वाकडेपणा त्याच्या खालच्या लयीत असतो, आणि गाणं २० हर्ट्झच्या वर. मधली जागा मोकळी असते, डोलणं तिथं बसवायचं.

हिशोब सोपा आहे. आर्मचं प्रभावी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सनं, म्हणजे स्प्रिंगच्या मऊपणानं गुणा. वर्गमूळ काढा. १५९ ला त्यानं भागा. आर्म १२ ग्रॅम, ऑर्टोफॉन टू-एम रेड ७.२, स्क्रू ०.८: झाले २० ग्रॅम. त्याचा मऊपणा २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर ८ हर्ट्झ. चाललं, पण काठावर. तेच कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या जुन्या जड आर्मवर लावा, उत्तर ६ च्या आसपास. मग जराशा वाकड्या तबकडीवर स्पीकरचा पडदा आत-बाहेर डोलताना नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि सुई उडते.

इथं एक फसगत होते. जपानी कंपन्या मऊपणा १०० हर्ट्झवर मोजून लिहितात, हिशोबाला १० हर्ट्झचा लागतो. त्यांच्या आकड्याला अंदाजे दीड ते दोनानं गुणायचं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ई या एमएम कार्ट्रिजला कागदावर ७ आहे, म्हणजे १० ते १४ धरा. १२ ग्रॅमच्या आर्मवर ते साडेदहा हर्ट्झच्या आसपास येतं. उत्तम.

सुरेलसायकल
बाई, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं मी.

काळीचार
आता मूळ प्रश्नाकडं येऊ, दादांचं मार्गशीर्ष जवळ येतंय.

गोलाईकर दादा, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत तेच ठेवा, दुरुस्तीपुरते पैसे बाजूला काढा. उरलेले प्लेअरवर आणि सुयांवर. ऑडिओ-टेक्निका एलपी-१२०एक्स बघा: ३३, ४५, ७८ तिन्ही वेग, वेग कमी-जास्त करायची पट्टी, व्हीएम-९५ई कार्ट्रिज सोबतच. त्या कार्ट्रिजचा मोठा फायदा असा की सुई पुढं ओढून काढता येते, आणि त्याच अंगात ३ मिलची व्हीएम-९५एसपी सुई बसते. एलपीला एक, ७८ ला दुसरी. भार मात्र दर वेळी बदला: एलपीच्या सुईला २ ग्रॅम, ७८ च्या सुईला ५.

भार मोजायला सराफाकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा पुरतो, पण लोखंडी ताटलीचा नको, कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो. कंपनी त्या एलपीच्या सुईचं आयुष्य ३०० तासांच्या आसपास सांगते. वहीत तास लिहीत जा. ७८ मोनो असतात, अ‍ॅम्प्लिफायरला 'मोनो'चं बटण असेल तर ते दाबा, खाचेच्या खाली-वर होण्याची बरीच खरखर तिथंच गळते.

लाइनमन
आणि प्लेअर स्पीकरच्याच कपाटावर ठेवू नका. खालच्या स्वराला कपाट हलतं, सुई ते उचलते, आणि चक्र सुरू होतं. घरात उरलेली शहाबादी फरशी असेल तर भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ती टाका आणि वर प्लेअर. पत्र्याच्या खोलीत तर अजिबात ठेवू नका, मे महिन्यात एलपीची पोळी होते.

गोलाईकर
(पाच आठवड्यांनी)
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. एलपी-१२०एक्स आला. अ‍ॅम्प्लिफायरचे चार कपॅसिटर बदलले. फरशी बसवली. पहिल्या दिवशी आवाज फुटल्यासारखा, भसाडा आला. बाईंचं उत्तर परत वाचलं: आधीच वाढवलेला सिग्नल 'मॅग'मध्ये. प्लेअरच्या मागचं बटण 'लाइन'वर होतं, त्याच्या आतलाच प्रीअ‍ॅम्प चालू. 'फोनो'वर सरकवलं, जमिनीची वायर बांधली, आणि खोली शांत झाली. नुसती सुई खाचेत टेकल्याचा आवाज.

काल आईला बसवून एलपी लावली. दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाली, "पट्टी चढलीय." मी म्हणलं, अगं नवा प्लेअर आहे. ती उठली, हार्मोनियमची पेटी उघडली, सूर धरला. "ही काळी एक आहे. तुझी पांढरी दोन वाजायलीय." बघतो तर वेगाची पट्टी सहाच्या खुणेवर सरकलेली, वायर लावताना हात लागला असणार. शून्यावर आणली. पेटीचा आणि तबकडीचा सूर एक झाला. मग तिनं भाता सोडलाच नाही, बाजू संपेपर्यंत सोबत वाजवत राहिली.

आंबेजोगाईची बाई
सहा टक्के म्हणजे बरोबर एक अर्धस्वर. आईंच्या कानाला माझा नमस्कार सांगा.

काळीचार
७८ ची सुई आली का? त्या लावताना आईंना जवळच बसवा. फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्या नसतात, दोन-चार फेरे इकडं-तिकडं असतात. कुठल्या गायकाची पट्टी कोणती, हे ठाऊक असलेलं माणूस घरात असेल तर वेग त्यावरूनच लावायचा.

गोलाईकर
सुई गुरुवारी येतेय. आईनं पेटी आत नेऊच दिली नाही, प्लेअरशेजारीच ठेवलीय.